शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि चक्कर: भूलतज्ज्ञाला आधी काय सांगायचं, घरी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५४. पित्ताशयात खडे आहेत आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं आहे. काही वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली तेव्हा दोन दिवस उलट्या थांबत नव्हत्या, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. त्यानंतर बाथरूममध्ये भोवळ येऊन ती पडली. आता ती म्हणते, पोटात दुखलं तरी सोसेन, पण ऑपरेशन नको. बीपीची गोळी चालू आहे. हा त्रास टाळता येतो का, आणि घरच्यांनी काय करायचं?

बऱ्याच अंशी टाळता येतो. अजिबात होणार नाही अशी हमी मी देणार नाही, पण दोन दिवस ओकाऱ्या काढत पडून राहायची वेळ आज येऊ नये. मी भूलतज्ज्ञ म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी बरीच वर्षं काम करते आहे. दुखण्यापेक्षा उलटीला जास्त घाबरणारे रुग्ण मला नेहमी भेटतात, आणि त्यांची भीती खरी असते. तुमच्या आईंना ‘काही होत नाही गं’ असं म्हणून गप्प करू नका. त्यांचा मागचा अनुभव हीच या वेळच्या उपचाराची सगळ्यात मोलाची माहिती आहे, कारण हा त्रास कोणाला होणार याचा अंदाज आधीच बांधता येतो आणि बंदोबस्त भूल देतानाच करता येतो. उलटी सुरू झाल्यावर ती थांबवणं त्या मानाने अवघड जातं.

मळमळ पोटात जाणवते, पण उलटीचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी एक छोटासा भाग आहे, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला नेहमीचा पडदा विरळ असतो. भुलीचा वायू आणि फेन्टॅनिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकं रक्तातून तिथे थेट पोचतात. दुसरी वाट आतड्यांकडून येते. तिथल्या पेशींतून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि पोटातून मेंदूकडे जाणारी मोठी नस ती खबर वर नेते. तिसरी वाट कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची. या वाटांवरची रसायनं वेगवेगळी असल्यामुळे एकच इंजेक्शन सगळ्यांना पुरत नाही. ‘उलटीचं इंजेक्शन दिलं तरी थांबली नाही’ ही तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा एक वाट अडवलेली असते आणि दुसरी उघडी राहिलेली असते.

आपल्याकडे प्रत्येक मळमळीला ‘उपाशीपोटी पित्त झालं’ म्हणतात आणि नातेवाईक ॲसिडिटीचं इंजेक्शन मागतात. पॅन्टोप्राझोलसारखी औषधं पोटातलं आम्ल कमी करतात. भुलीच्या औषधांनी आलेली मळमळ त्यांनी थांबत नाही. ते इंजेक्शन दिलंय म्हणून स्वस्थ राहू नका, मळमळ होत असेल तर पुन्हा सांगा.

आता तुमच्या आईंचा हिशेब मांडू. ख्रिश्चन आप्फेल हे भूलतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चार साध्या प्रश्नांची एक मोजणी मांडली. ती आज जगभर वापरतात. रुग्ण स्त्री आहे का? धूम्रपान न करणारी व्यक्ती आहे का? आधी भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का, किंवा प्रवासात गाडी लागते का? ऑपरेशननंतर मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं लागणार आहेत का? यातलं काहीच लागू नसेल तर शंभरातल्या साधारण १० जणांना त्रास होतो. एक लागू असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८०. तुमच्या आई स्त्री आहेत, विडी-सिगारेट ओढत नसाव्यात, मागच्या वेळी उलट्या झाल्याच होत्या. म्हणजे तीन गुण इथेच झाले. चौथा बराचसा आमच्या हातात असतो. त्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढणं आणि गर्भपिशवीचं ऑपरेशन या दोन्हींत मुळातच मळमळ जास्त होते. (धूम्रपान करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो हे खरं आहे, पण त्यांच्या फुप्फुसांचा आणि जखम भरण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो. ऑपरेशनआधी विडी, तंबाखू, मिश्री बंदच ठेवायची.)

गाडी लागण्याबद्दल मी मुद्दाम विचारते, ‘एसटीत घाट चढताना मळमळतं का?’ ‘मोशन सिकनेस आहे का’ असं विचारलं की लोक नाही म्हणतात. घाटाचं नाव काढलं की लगेच सांगतात की खिडकीशी बसावं लागतं, लिंबू हुंगावं लागतं. हे भूलतज्ज्ञाला कळायलाच हवं. लहानपणी गाडी लागत होती आणि आता लागत नाही, असं असेल तरीही सांगा.

भूलतज्ज्ञ यावर काय करतात ते सांगते, म्हणजे तुम्हाला नेमकं विचारता येईल. पाच हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उलटीविरोधी तीन औषधं तपासली होती. ऑन्डॅन्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही त्यातली दोन, आपल्याकडे सर्रास मिळणारी. प्रत्येक औषधाने धोका साधारण पाव हिश्श्याने कमी झाला. भुलीच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देऊन झोपवलं तर तो आणखी सुमारे पंचमांश घटला. महत्त्वाचं म्हणजे हे उपाय एकमेकांच्या आड येत नाहीत, त्यांचे फायदे एकावर एक साठत जातात. म्हणजे शंभरात ८० पासून सुरुवात केली तर एका औषधाने ६०, दुसऱ्याने ४५ आणि प्रोपोफॉलने ३६ च्या आसपास. हा ढोबळ अंदाज आहे. जखमेच्या जागी बधिरतेचं इंजेक्शन दिलं, पॅरासिटामॉल आधीच सुरू केलं आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं जपून वापरली की आकडा अजून खाली आणता येतो. गरज वाटली तर तिसऱ्या वाटेवरचं औषधही देता येतं.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे हे कळल्यावर काही घरचे लोक दचकतात. एका डोसला घाबरायचं कारण नाही. मधुमेह असेल तर मात्र पुढचा एखादा दिवस साखर वाढलेली दिसू शकते, म्हणून ती तपासत राहायची. ऑन्डॅन्सेट्रॉनने काहींचं डोकं दुखतं, शौचाला घट्ट होतं. ईसीजीमध्ये ठोक्यांच्या लयीचा काही दोष कोणी दाखवला असेल तर तो कागद आठवणीने बरोबर न्या, कारण हे औषध अशा रुग्णांना जपून द्यावं लागतं.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी भुलीसाठीची तपासणी होते, त्या तपासणीला आईंबरोबर स्वतः जा. मागच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा, असेल तर भुलीची नोंदही. आणि सरळ सांगा: मागच्या वेळी इतके दिवस उलट्या झाल्या, अमुक इंजेक्शन दिलं होतं, तमुकने थांबल्या किंवा थांबल्या नाहीत, नंतर चक्कर येऊन पडली. हे सर्जनना सांगून भागलं असं समजू नका. ऑपरेशनच्या सकाळी घाईत सांगण्यापेक्षा आधी सांगितलं तर भूल कोणत्या पद्धतीने द्यायची हे शांतपणे ठरवता येतं.

त्याच भेटीत चालू गोळ्यांची पाकिटं दाखवा. ‘बीपीची गोळी’ एवढं पुरत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बहुधा थांबवायला सांगतात, कारण भुलीत आणि नंतरही रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. उलट मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं. कोणती घ्यायची आणि कोणती नाही हे नावानिशी लिहून घ्या. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड घेत असाल तर तेही लपवू नका. त्यांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून उपाशी राहण्याचे नियम बदलू शकतात.

उपाशी राहण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण नंतरच्या चक्करीचं एक मूळ इथे आहे. हलकं जेवण आणि दूध भुलीच्या ६ तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपकट ८ तास आधीपर्यंत आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत, असा सर्वसाधारण नियम आहे. पाण्यासारखे पारदर्शक द्रवही यात येतात, म्हणजे गाळलेलं लिंबूपाणी किंवा दूध न घातलेला चहा. आपला नेहमीचा दुधाचा चहा यात येत नाही. प्रत्यक्षात ‘रात्री बारानंतर काही नाही’ असं सांगितलं जातं आणि नंबर दुपारी दोनला लागतो. बाई आदल्या रात्री आठला जेवलेली असते, तहानेने जीभ कोरडी पडते, आणि अशी कोरडी पडलेली व्यक्ती ऑपरेशननंतर उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून विचारा, ‘आमचा नंबर किती वाजता आहे आणि पाणी कधीपर्यंत चालेल?’ जुना मधुमेह, गरोदरपण, आतडं अडकलेलं असणं यांत हे तास वेगळे असतात. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ हीच शेवटची. ती मोडून गुपचूप काही खाऊ-पिऊ नका, भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं.

ऑपरेशन झालं, आई वॉर्डात आल्या. इथे आईंना एकच गोष्ट शिकवून ठेवा: पोटात ढवळायला लागलं की लगेच सिस्टरना सांगायचं. आपल्या बायका सोसतात, उलटी होईपर्यंत बोलत नाहीत. पहिल्या ढवळण्याला दिलेलं औषध चांगलं लागू पडतं. ऑपरेशनच्या वेळी ऑन्डॅन्सेट्रॉन दिलं असेल आणि सहा तास झाले नसतील, तर तेच पुन्हा देऊन फारसा उपयोग होत नाही, दुसऱ्या जातीचं द्यावं लागतं. ‘आधी दिलंय त्यापेक्षा वेगळं काही देता येईल का?’ असं विचारण्यात काही गैर नाही.

औषध येईपर्यंत करण्यासारखं बरंच आहे. डोक्याकडची बाजू थोडी वर करा. गुंगी असेल आणि उलटी येत असेल तर मात्र आधी कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि तोंडाने सोडायचा. इंजेक्शनआधी कातडी पुसायला स्पिरिटचा बोळा असतो, तो नाकापासून थोडा लांब धरून दोन-तीन खोल श्वास घेतले की काहींची मळमळ काही मिनिटांत कमी होते. करून पाहायला हरकत नाही, सिस्टरना विचारून करा. मनगटावरचा दाबही उपयोगी आहे: तळहाताच्या बाजूने मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं सोडून, मधल्या दोन कंडरांच्या मधोमध, अंगठ्याने दोन-तीन मिनिटं घट्ट दाबायचं. सलाईन नसलेल्या हाताला करा. या दाबाचे बरेच अभ्यास झालेले आहेत आणि फायदा दिसलेला आहे. मला तो विशेष आवडतो कारण घाबरलेल्या मुलीला आईसाठी करायला काहीतरी हाती लागतं. आणि उलटीने टाके तुटतील ही धास्ती नको. उलटी किंवा खोकला आला की पोटावर उशी धरून हलकेच दाबायची, ओढ कमी बसते.

खाण्या-पिण्याची घाई करू नका. ‘काही खाल्लं नाहीस तर ताकद कशी येणार’ म्हणून आग्रह करकरून पाजलेलं दूध अर्ध्या तासात बाहेर येतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोन-तीन चमचे पाणी, दहा मिनिटं थांबून पुन्हा दोन-तीन चमचे. ते ठरलं की ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, मग पातळ पेज, मग मऊ भात किंवा मुगाची खिचडी. तळलेलं आणि तुपाची धार पहिले काही दिवस लांब ठेवा. वास फार महत्त्वाचा आहे. शेजारच्या खाटेवर उघडलेला डबा, घरी आल्यावर स्वयंपाकघरातली लसणाची फोडणी, उदबत्ती, भेटायला आलेल्यांचा सेंट, यातलं काहीही पुरेसं होतं. त्या दिवशी खिडकी उघडी असलेली खोली द्या आणि पाहुण्यांना दोन दिवसांनी बोलवा. आल्याचा तुकडा किंवा आल्याचं गरम पाणी काहींना बरं वाटतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विचारून घ्या.

घरी गेल्यावर मळमळ सुरू होणं हेही नेहमीचं आहे. ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना पहिल्या दोन दिवसांत ती होते, कारण दवाखान्यातली इंजेक्शनं तोवर उतरलेली असतात. म्हणून डिस्चार्जच्या वेळी उलटीची गोळी लिहून मागा. जिभेवर विरघळणारी मिळते, उलटी होत असताना ती सोयीची. परतीच्या प्रवासात आईंना पुढच्या सीटवर बसवा, काच थोडी खाली ठेवा, मोबाइल बघू देऊ नका, जवळ पिशवी असू द्या.

घरी नेलेल्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल एकत्र असलेली गोळी आहे का ते पाहा. ट्रॅमाडॉलने मळमळ आणि चक्कर दोन्ही येतात, आणि घरचे त्याला ‘अशक्तपणा’ म्हणतात. गोळी घेतल्यावर तासाभरात गरगरायला लागत असेल तर डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. बहुतेकांना साध्या पॅरासिटामॉलवर, मूत्रपिंडं चांगली असतील तर सोबत दुसऱ्या जातीच्या वेदनाशामकावर भागतं. सगळ्याच गोळ्या बंद करणं मात्र चुकीचं आहे, कारण दुखण्यानेसुद्धा मळमळतं. एकत्र गोळी आणि वेगळी पॅरासिटामॉल एकाच वेळी घेतली जात नाही ना, हेही बघा. पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याहून खाली असते. मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर त्यानेही तोंडाला धातूसारखी चव येते आणि मळमळतं.

आता चक्कर. आधी विचारा की नेमकं काय होतंय. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात आवाज येतो, घाम सुटतो, ही रक्तदाब खाली जाण्याची चक्कर. ऑपरेशननंतर बहुतेकांना होते ती हीच. आडवं पडून राहिलेलं शरीर उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि ते वर ढकलण्याची सवय शरीराला परत लागायला वेळ लागतो. त्यात पाणी कमी पडलेलं, थोडं रक्त गेलेलं, वेदनाशामकांची गुंगी. दुसऱ्या प्रकारात कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि थोड्या सेकंदांत थांबते. ती बहुधा कानातल्या तोलाच्या यंत्रणेची, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ डोक्याच्या विशिष्ट हालचाली करवून ती बरी करू शकतात.

पहिल्या प्रकारासाठी उठण्याची पद्धत आईंना ऑपरेशनच्या आधीच घरी पलंगावर करून दाखवा, चार-पाच वेळा. आधी कुशीवर वळायचं. हाताच्या आधाराने बसायचं, म्हणजे पोटावर ताण येत नाही. पाय खाली सोडून पाच मिनिटं बसायचं आणि तेवढ्यात पावलं वर-खाली हलवत राहायचं, पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं. बरं वाटलं तर कोणाला तरी धरून उभं राहायचं आणि मिनिटभर तिथेच थांबायचं. मग चालायचं. अंधारी आली तर पलंगापर्यंत पोचण्याची धडपड न करता आहे तिथेच खाली बसायचं किंवा आडवं व्हायचं. पडून डोकं आपटण्यापेक्षा जमिनीवर बसलेलं बरं.

बाथरूमबद्दल मी रुग्णाच्या घरच्यांना बजावून सांगते. तुमच्या आई तिथेच पडल्या होत्या आणि त्यात नवल नाही. रात्री झोपेतून उठून गेलेलं, लघवी करताना किंवा जोर लावताना रक्तदाब आणखी उतरतो, फरशी ओली, दाराला आतून कडी. पहिले दोन-तीन दिवस कडी लावायची नाही, बाहेर कोणीतरी उभं राहायचं, आत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून बसून अंघोळ करायची आणि पाणी कोमटच घ्यायचं. कडक पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि भोवळ येते. रात्री आईंच्या खोलीत कोणीतरी झोपा.

बीपीची गोळी परत कधी सुरू करायची हे घरी जाण्याआधी विचारून घ्या. खाणं-पिणं निम्मं आणि गोळी मात्र पूर्ण, यामुळेही चक्कर येते. घरी मशीन असेल तर बसून एकदा आणि उभं राहून एक ते तीन मिनिटांत एकदा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर डॉक्टरांना तो आकडाच सांगा.

पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. बसलं-उभं राहिलं की डोकं जोरात दुखतं, मळमळतं, आणि आडवं झालं की थांबतं, असं पहिल्या काही दिवसांत झालं तर भूलतज्ज्ञाला कळवा. सिझेरियन झालेल्या तरुण बायकांमध्ये हे विशेष दिसतं आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या आईंना बहुधा पूर्ण भूल मिळेल, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

कोणती मळमळ नेहमीची नाही, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवस उजवा खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे, आणि आपोआप थांबतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत चालली, ताप आला, डोळे पिवळे दिसले, हिरवी उलटी होऊ लागली, पोट फुगून गॅस सरेनासा झाला, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. आतून पित्त गळत असू शकतं किंवा पित्तनलिकेत खडा राहिलेला असू शकतो. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, शौचाला डांबरासारखी काळी झाली, आठ तासांत लघवीच झाली नाही, झोपलेलं असतानाही भोवळ येते आणि नाडी जोरात पळते, अशा वेळी फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. छातीत दडपण, दम लागणं, थंड घाम, एका पोटरीला सूज, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसत्या मळमळीने, घामाने आणि चक्करेनेसुद्धा येतो, आणि ऑपरेशननंतरच्या दिवसांत तो ‘भुलीचा त्रास असेल’ म्हणून घरातच राहून जातो.

आईंना यातलं सगळं एकदम सांगू नका. आधी एवढंच सांगा की मागच्या वेळचं तिचं सगळं ऐकून घेणारा डॉक्टर ऑपरेशनच्या आधी तिला भेटणार आहे. त्या भेटीत त्यांना स्वतः बोलू द्या, राहिलेलं तुम्ही सांगा.